दसऱ्याची फुलं आणि टोमॅटोची रोपं

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला सांगितलं, की धाकट्या आजोबांच्या टोमॅटोच्या कडेने झेंडू दिसतो तो टोमॅटोवर कीड येऊ नये म्हणून, आधीपासून ठरवून लावलेला आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी मागे मेथी निवडत होते, गप्प बसले. पण पुढे तुम्ही हेच खरं धरून चालाल, म्हणून झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवते.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आजोबांनी मला विंचूरजवळ, त्यांच्या धाकट्या भावाच्या मळ्यात आणलं आणि तिथे त्यांना कोकोपीटचा राग येऊ लागला. टोमॅटोची रोपं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, लहान लहान कप्प्यांत वाढवतात. त्यात माती नसते, नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. तेच कोकोपीट. "मक्याची ताटं आपण बांधावर जाळायची आणि नारळाचा भुसा दक्षिणेतून मागवायचा, याला काय अर्थ आहे?" हे मी जेवताना ऐकलं, चहाला ऐकलं, आणि एकदा शहरात द्वारकेच्या सिग्नलला अडकलो होतो तेव्हाही ऐकलं. मुद्दा बरोबर होता. त्यांचा मुद्दा बरोबरच असतो, त्रास त्याच्यापुढे सुरू होतो.

मका निघाल्यावर त्यांनी ताटं आणि दाणे काढलेली कणसं बारीक करून, शेणाचे थर देत, शेडमागे लांबलचक ढीग रचला. असा ढीग आतून चांगला तापावा लागतो. त्या उष्णतेने रोग मरतात, तणाचं बी मरतं. त्यासाठी तो पायांनी तुडवून दाबायचा आणि मधूनमधून फावड्याने खालचा वर करायचा. इथवर सगळं शिस्तीत चाललं होतं.

मग दसरा झाला. दारांची तोरणं, ट्रॅक्टरचे हार, मोटरच्या पेटीचा हार. ही फुलं नदीत टाकू नका म्हणतात आणि कचऱ्यात टाकवत नाहीत. आजोबांनी वस्तीभर निरोप दिला, आमच्याकडे आणा. मी म्हटलं, फुलांचा ढीग वेगळा करा, मी पाटी रंगवून देते. पाटी रंगवलीही. तोवर सगळा झेंडू मक्याच्या ढिगाच्या डाव्या टोकाला जाऊन पडला होता, दोऱ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी धाकटी आजी फावडं टेकवून उभी राहिली.

"ताई, देवाला वाहिलेलं हाय हे. याच्यावर पाय द्यायचा?"

"त्याचं खतच होणार आहे ना?"

"होऊ द्या की. आपलं आपण होईल."

कामाला आलेल्या बायकांनीही मान हलवली. मी तुडवते म्हटलं, तर सगळ्यांनी मला हाताला धरून बाजूला केलं. आणि आजोबा, ज्यांना एकादशी कधी असते हे माझ्याकडून कळतं, तेही चपला काढून त्या बाजूने लांबून जाऊ लागले. उजवी बाजू तुडवली गेली, वरखाली झाली, तापली आणि काळीभोर झाली. डावी थंडच राहिली. जानेवारीत चाळल्यावर मात्र दोन्ही सारखीच दिसली.

धाकट्या आजोबांनी भावाच्या शब्दावर नर्सरीतली रोपं रद्द केली होती. वावरात वाफ्यांवर प्लास्टिकचा मल्चिंग पेपरही अंथरून झाला होता, रोपांचीच वाट होती. मी म्हटलं, आधी एका ट्रेमध्ये पेरून बघू. "पेरणी आहे, परीक्षा नाही," आजोबा म्हणाले आणि दोन्ही बाजूंच्या खताने सगळे ट्रे भरले. कोणत्या ट्रेमध्ये कुठलं खत, एवढं तरी मी कडेवर खडूने लिहिलं.

रोपं उगवली, भरभरून. धाकटे आजोबा फोटो काढत म्हणाले, "दादा, लय भारी. कोकोपीटवाल्याला दाखवतो."

"एकेका कप्प्यात दोन-दोन आलीत," मी म्हटलं. "बी आपण एकेकच टाकलं होतं."

"जोम आहे जोम," आजोबा म्हणाले.

पुढे त्या जोमाला कातरलेली पानं फुटली. मी एक पान चुरगळून आजोबांच्या नाकाशी धरलं. त्यांनी वास घेतला आणि टोमॅटोच्या पानालाही वास असतो म्हणाले. मग धाकट्या आजोबांनी घेतला.

"दादा, हा दसऱ्याचा वास हाय."

आणि तेच पुढे म्हणाले, "आता वावरात काय, तोरणं बांधू?"

हसायला आलं, पण ते स्वतः हसत नव्हते. ट्रेशेजारी उकिडवे बसून राहिले. नर्सरीला फोन केला, तर महिनाभर रोपं नाहीत. तेवढ्यात उन्हं वाढली की लागण फुकट. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

झेंडू उपटला तर टोमॅटोची मुळंही येत होती. म्हणून मी भरतकामाची कात्री काढली, झेंडूच्या माना कापत सुटले. धाकटी आजी शेजारी बसली आणि तिच्या हातून कापवेना. ती ओल्या काडीने एकेक झेंडू हळूच सोडवायची, परातीत ठेवायची आणि जाऊन बांधाकडेला लावून यायची. तिच्या ट्रेमधली टोमॅटोची निम्मी रोपं मान टाकत होती. मी ओरडले. ती "हो ताई" म्हणाली आणि पुढचा झेंडू सोडवायला घेतला.

शेवटी डाव्या बाजूच्या ट्रेमधली बहुतेक रोपं झेंडूच्या दाटीत लांबुळकी होऊन कोलमडली. उजव्या बाजूची रोपं अर्ध्या वावराला पुरली. उरलेल्या अर्ध्यात धाकट्या आजोबांनी काकडी लावली. भावाला ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या लागणीची निम्मी रोपं त्यांनी नर्सरीत सांगितली आहेत आणि निम्मी आजोबांना.

विहिरीकडच्या त्या अर्ध्या वावरातला टोमॅटो जगला आहे. तारेपर्यंत चढलाय आणि त्याला फळं धरली आहेत. कडेने दिसतो तो झेंडू धाकट्या आजीने परातीतून नेऊन लावलेला.