देवाच्या दाराचं खुराडं

पोलादपूरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, जाळी, पत्रे, बिजागऱ्या, कडीकोयंडे. दिवसभर गल्ल्यावर बसून माणसं बघायची मला सवय आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्यातली फारशी आवडत नाहीत. पण वरच्या वाडीचा कोंडाजी या सगळ्यांचा बाप. तो काही नेतच नाही. येतो, जाळीचं बंडल उलगडायला लावतो, तार दोन बोटांत चिमटून बघतो, भाव विचारतो, "बाबो!" म्हणतो आणि निघतो. जाताना पायरीवर वाकडा खिळा पडलेला दिसला तर उचलून खिशात टाकतो. "ह्यो तुमच्या काय कामाचा, शेट?"

हा माणूस गरीब असता तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. महाडला एका कंपनीत जन्मभर नोकरी केली, निवृत्त होऊन वाडीत आला, घरावर स्लॅब आहे, खाणारी तोंडं दोन. पण खिशात हात घालायचा म्हटलं की याच्या खांद्यात कळ येते. लग्नाच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहितो. एसटीत शेजारच्याच्या पेपरातलं अर्धं पान मागून घेतो आणि उरलेलं अर्धं वाकून वाचतो.

त्याची बायको काशीबाई मात्र फार चांगली. इतकी चांगली की राग यावा. तिच्या चार गावठी कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा. मुलगी मीना पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. आपल्याकडे बाळंतिणीला गावठी कोंबडीचं सार पाजतात, ते काही मी सांगायला नको. काशीबाईंनी कोंबड्या त्याच्यासाठीच वाढवल्या होत्या. एकसुद्धा विकली नाही, पाव्हण्याला कापली नाही. रात्री पडवीत बांबूच्या डालग्याखाली झाकायच्या. पण गेल्या वर्षी मुंगसाने डालगं उलटून अख्खी पिल्लावळ संपवली होती. म्हणून बाईंचं एकच मागणं होतं: मीनाची सुटका व्हायच्या आत परसात एक धड खुराडं.

"करतो ना," कोंडाजी म्हणाला. आणि फुकटचा माल शोधायला बाहेर पडला.

पहिल्यांदा माझ्याकडे आला, "बाबो" म्हणून गेला. मग महाडच्या भंगारवाल्याकडे. तिथे गंजलेले पत्रे होते, पण भंगारवाला ते वजनावर देत होता आणि कोंडाजीला ते उपकारावर पाहिजे होते. मग हायवेच्या कामावर गेला. कंत्राटदाराचे पत्रे रस्त्याकडेला उभे होते. त्यातला एक "असाच पडलाय" असं समजून उचलला, तर वॉचमनने सर्व्हिस रोडपर्यंत पाठलाग केला. साठीचा माणूस, डोक्यावर पत्रा घेऊन पळतोय. ज्यांनी बघितलं त्यांनी मला येऊन सांगितलं आणि त्या दिवशी मी दुपारचं जेवण हसता हसता दोनदा थांबवलं.

मग तुडीलला गेला. सावित्री नदीत मासे धरणाऱ्या एका ओळखीच्याकडून फाटकं जाळं मागून आणलं. काठ्या रोवल्या, भोवती जाळं गुंडाळलं, वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स टाकला. झालं खुराडं. जाळ्याला माशाचा वास. वाडीतली झाडून सगळी मांजरं कीर्तनाला बसल्यासारखी भोवती बसली. कोंबड्यांच्या नख्या जाळ्यात अडकल्या, त्या सोडवताना काशीबाईंचे हात ओरबाडले. चौथ्या दिवशी मुंगसाने जाळं कातरलं आणि चारातली एक कोंबडी नेली.

"अवो, जाळी आणा ना दुकानातनं," काशीबाई म्हणाल्या. "पोरीचं तोंड बघा तरी. आता तीनच उरल्या."

"जाळीला काय सोनं लागलंय?" कोंडाजी म्हणाला. "बघतो मी. देव हाय."

देव होताच, आणि तोच याला सापडला.

वाडीच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा त्या वर्षी जीर्णोद्धार झालेला. मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून जुनं कौलारू देऊळ पाडलं आणि बाथरूमला लावतात तसल्या टाइल्सचं नवं बांधलं. पुढे स्टीलचं ग्रिल, आत सीलिंग फॅन. जुनं सागवानी दार, दोन फळ्या आणि चौकट, देवळामागच्या गवतात टाकून दिलं. आता आमच्या भागात देवळाच्या लाकडाचा एक रिवाज आहे. ते चुलीत घालायचं नाही, विकायचं नाही, घरी न्यायचं नाही. देवाचं आहे, तिथंच कुजू द्यायचं. वाळवीने खाल्लं तर चालतं, वाळवी वर्गणी देत नसली तरी.

हा रिवाज कोंडाजीला ठाऊक नव्हता असं नाही. पण फुकटच्या सागवानापुढे याचं डोकं वकिलासारखं चालतं. "घरी न्यायचं नाय ना? मी परसात नेतो. आणि कोंबडीचं घर म्हणजे काय माणसाचं घर न्हवं." तरीही मनात धाकधूक होती, म्हणून देवाला कौल लावायचं ठरवलं. कौल गुरवाकडून लावायचा असतो. पण गुरव आला की नारळ आला, दक्षिणा आली. म्हणून हा दुपारी देऊळ रिकामं बघून एकटाच गेला, तांदळाचे दाणे ओले करून देवाच्या पाषाणावर उजवी-डावीकडे चिकटवले, आणि गाऱ्हाणं घातलं: नेऊ देत असशील तर उजवा दे. उजवा दाणा पडला. वरचा फॅन चालू होता का, असं मी नंतर विचारलं तेव्हा त्याने विषय बदलला.

दार आणलं. एक फळी खुराड्याचं दार झाली, दुसरी छप्पर, चौकटीचे खांब झाले. माझ्या पायरीवरचे वाकडे खिळे ठोकून सरळ केले आणि वापरले. फळीवर कोरलेलं कमळ होतं. ती बाजू त्याने आत केली, म्हणजे कुणाला दिसू नये. वाडीत कमळाचं दर्शन फक्त कोंबड्यांना. पण एक कबूल केलं पाहिजे, खुराडं झालं झकास. मुंगूस दोनदा येऊन हात हलवत परत गेलं.

काशीबाई अंडी काढायला वाकल्या तेव्हा त्यांना कमळ दिसलं. त्यावर जुनं हळदकुंकू तसंच होतं. नवी नवरी म्हणून त्या वाडीत आल्या तेव्हा याच कमळाला त्यांनी हात लावला होता. अंडी तशीच ठेवून त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"आजच्या आज नेऊन ठेवा," त्या म्हणाल्या. "पोटुशी पोर हाय घरात."

"देवानं कौल दिलान गो," कोंडाजी म्हणाला. "तुला जास्त कळतं का देवाला?"

बायको ओरडत नाही म्हणजे पटलं, असं समजणाऱ्या नवऱ्यांपैकी हा. दार राहिलं. मग एक दिवस गुरव अंडी मागायला आला, उघड्या खुराड्यात डोकावला, आणि संध्याकाळच्या आत गावकी बसली.

गावकीतले मानकरी म्हणजे काय वर्णावेत! दार गवतात कुजत होतं तेव्हा यांच्यातल्या एकानेही त्यावर गोणपाट टाकलं नव्हतं. आता सगळ्यांच्या अंगात धर्म संचारला. भिकूतात्या मुख्य मानकरी. मिशीला पीळ देत म्हणाले, "कोंडाजी, दार चोरलंस. दंड भर, नि सगळ्या गावाला नारळ दे."

"चोरलं नाय, तात्या. कौल उजवा झाला. देवानं दिलान."

भिकूतात्यांनी मिशीचा पीळ सोडला. या माणसाला मी दुकानात पत्र्याचा भाव पाडताना पाहिलं आहे. डोकं थंड असतं. मग म्हणाले, "बरं. मग देव दारासकट तुझ्या परसात आला. देवाच्या दाराआड जे हाय ते देवाचं. कौल खोटा असंल तर तू चोर, दंड भर. खरा असंल तर कोंबड्या देवाच्या, जत्रेला गावाच्या राखणीचा बळी म्हणून कापायच्या. बोल, कौल खरा का खोटा?"

बायका मागे भिंतीला टेकून बसलेल्या. तिथून काशीबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा गावकीत बोलल्या. "कोंबड्या माज्या हायत. पोरीच्या बाळंतपणाच्या हायत. ह्यास्नी काय इचारता?"

"बाईमाणसानं मधे बोलायचं नाय," भिकूतात्या म्हणाले. त्यांच्या घरी मधे बोलायला बाईमाणूस थांबतच नाही, सून निघून गेली, हे साऱ्या वाडीला माहीत आहे.

सगळे कोंडाजीकडे बघत होते. काशीबाई पण. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं, कौल खोटा, मी चुकलो, घ्या दंड. पेन्शन परवाच जमा झाली होती. कोंडाजीने मान खाली घातली, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली, आणि म्हणाला, "कौल खरा हाय."

अशा माणसाला काय म्हणावं याच्यासाठी माझ्या दुकानात शब्द पुष्कळ आहेत, पण ते छापता येत नाहीत.

जत्रेला तिन्ही कोंबड्या आणि कोंबडा देवाच्या नावाने गेले. देव पाषाणाचा, त्याने काही खाल्लं नाही. मानकऱ्यांनी खाल्लं. रस्सा झणझणीत झाला होता म्हणतात. कोंडाजीला वाटा मिळाला, त्याने आणखी एक वाढून घेतला आणि पानात बांधून खुशीत घरी आला. "घे मीना, गावठी हाय. फुकट!"

घरात मीना नव्हती. काशीबाई पण नव्हत्या. त्याचं अंथरूण, ताट, छत्री आणि कंपनीने निवृत्तीला दिलेलं घड्याळ, सगळं खुराड्यात नीट रचून ठेवलेलं, बाहेरून कडी घातलेली. टेम्पोत बसायच्या आधी काशीबाई भिकूतात्यांच्या दारात थांबल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तात्या, देवाच्या दाराआड जे हाय ते देवाचं ना? माज्या नवऱ्याचा संसार आत ठेवलाय. आता त्येला पण देवच सांभाळंल." आणि मुलीला घेऊन शिवथरला भावाकडे निघून गेल्या. बापाचं घर उभं असताना पोरीचं बाळंतपण मामाकडे. वाडीत याहून मोठी नाचक्की नाही. भिकूतात्यांनी दुसऱ्या दिवशी माणसं लावून दार परत देवळामागच्या गवतात नेऊन टाकलं. त्यांना कोंबड्या हव्या होत्या, कोंडाजी नको होता.

मीनाला मुलगी झाली. निरोप आला तो वाडीतल्या दुसऱ्याच घरी. त्याच दिवशी कोंडाजी दुकानात आला. बंडल उलगडायला लावलं नाही. तार चिमटली नाही. "शेट, जाळी कापा. खुराड्याला पुरंल एवढी." भाव सांगितला, "बाबो" म्हणाला नाही. मी कापून दिली. खाली एक खिळा पडला होता, तोही त्याने उचलला नाही.

जाळीची गुंडाळी काखेत मारून तो शिवथरला गेला. नात दाखवली त्याला, लांबून. मेव्हण्याच्या परसात खुराडं होतंच, जाळीचं, त्यात कोंबड्या फिरत होत्या. याची गुंडाळी कुणी हातात घेतली नाही. मीना भिंतीकडे तोंड करून सार पीत होती. काशीबाईंनी याला पाट मांडला, भात वाढला, त्यावर कोंबडीचं सार वाढलं, काठोकाठ. आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जेवा. भावाचं हाय, फुकट हाय. पोटभर खावा."

घास खाली उतरला नाही, शेट, असं तो मला सांगत होता. गल्ल्यासमोर उभा होता, डोळे लाल, आणि काखेत ती गुंडाळी तशीच. परत करायला आणली होती. मी बोटाने वरची पाटी दाखवली. इतकी वर्षं दुकानात येतोय, त्याने ती त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. कापलेली जाळी मी परत घेत नाही.