चुकीच्या घराचा बर्फ

आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मॅचच्या व्हिडिओंनी भरून वाहतात, पण डग कोचच्या गोष्टींसाठी कुणी फोल्डर केलेला नाही. त्या आम्हा चार जणांच्या डोक्यात साठतात आणि नवा माणूस दिसला की बाहेर निघतात. आज तुम्ही सापडलात.

मी मूळचा अमरावतीचा, राहतो कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरात. टेलिकॉममधली नोकरी गेली आणि ओटावातल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे व्हिडिओ कापायला लागलो. हा फुटबॉल लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. नवे खेळाडू शोधायचं काम डग कोचचं. नदीपलीकडे क्यूबेकमध्ये शाळा आणि युनिव्हर्सिटी यांच्या मध्ये सेजेप नावाचं कॉलेज असतं, आपल्या ज्युनियर कॉलेजसारखंच. तिथल्या चांगल्या पोरांवर सगळ्या युनिव्हर्सिट्या टपलेल्या असतात.

पहिल्याच आठवड्यात मी चाळीस खेळाडूंची यादी केली. उंची, वजन, वेग, सगळं रंगीत तक्त्यात. टेलिकॉमचा माणूस, तक्त्यांत माझा जीव! कोचने ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "बाकावर बसल्यावर ही पोरं काय करतात?"

बाकावरचे सगळे शॉट मी फालतू म्हणून डिलीट केले होते. तेव्हापासून आमच्याकडे बाकाचा वेगळा फोल्डर आहे.

*

हिवाळ्यात कोच खेळाडूच्या घरी जातो तो ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. गाडीत बसून बघतो, घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने कोण काढतं. आई बाहेर राबतेय आणि चिरंजीव आत लोळताहेत असं दिसलं, तर कॉफी घेऊन, छान गप्पा मारून परत येतो आणि नावावर काट मारतो. कुणीच बाहेर नसेल, तर डिकीतून स्वतःचं फावडं काढतो.

एकदा एका वडिलांनी खिडकी उघडून त्याला बजावलं, "गॅरेजसमोर नीट काढ, मागच्या वेळी राहिला होता." त्यांना वाटलं, बर्फ काढणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. कोचने गॅरेजसमोरचा बर्फ काढला, फावडं ठेवलं, कोट झटकला आणि बेल दाबली.

"मी युनिव्हर्सिटीचा कोच. गॅरेजसमोर आता ठीक आहे ना?"

तो मुलगा आमच्याकडेच आला. वडील चार वर्षं प्रत्येक मॅचला यायचे आणि कोचपासून जमेल तेवढं लांब बसायचे.

*

उशिराच्या बाबतीत मात्र हा माणूस दगड. सकाळी सहाची प्रॅक्टिस. एक मिनिट उशीर, मैदानाला एक फेरी. कारण विचारत नाही आणि सांगूही देत नाही.

एकदा हायवेवर अडकून मी नऊ मिनिटं उशिरा पोचलो. म्हटलं, कोच, मी खेळाडू नाही. तो म्हणाला, "घड्याळ तर आहे ना?"

विंटर बूट घालून नऊ फेऱ्या मारल्या मी! पुढचे दोन दिवस जिना उतरताना आई आठवत होती.

*

एका स्टार खेळाडूच्या मागे तो दोन वर्षं होता. मुलगा एकदाचा तयार झाला. सहीच्या दिवशी बोलता बोलता म्हणाला, त्याला जहाजांचा इंजिनिअर व्हायचंय. तो कोर्स आमच्याकडे नाही. कोचने पेन काढून घेतलं आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या कोचचा नंबर लिहून दिला. हेड कोच आठवडाभर डग कोचशी बोलला नाही. मला विचाराल, तर मी त्या दिवशी त्या माणसाचा झालो.

*

गेल्या हिवाळ्यात टीममध्ये एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी नदीपलीकडच्या गॅटिनोतला एक तगडा खेळाडू बघायला आम्ही दोघं निघालो. वादळाने घरांचे नंबर बुजले होते. कोचने अर्धा तास खपून ड्राइव्हवे साफ केला, बेल दाबली. दार उघडलं ते ऐंशीच्या मादाम रोझने. घर चुकलं होतं.

तिने आम्हाला आत घेतलं, कॉफी दिली आणि विचारलं, "तुम्हाला मात्यूने पाठवलं का?"

मात्यू समोरच्या घराच्या बेसमेंटमध्ये आईसोबत राहायचा. कुणी न सांगता सहा वर्षं तिचा बर्फ काढत होता. त्या सकाळी नेमकी टायरच्या दुकानात त्याची शिफ्ट होती. तोही सेजेपच्या टीममध्ये आहे, ती म्हणाली, पण घोटा मोडल्यापासून त्याला बघायला कुणी येत नाही. उन्हाळ्यात कॉलेज संपलं की खेळ बंद आणि दुकान कायमचं.

मात्यू माझ्या यादीत होता. घोटा मोडला म्हणून त्याचं नाव मीच काढलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आल्यावर कोचने बाकाचा फोल्डर उघडायला लावला. प्रत्येक मॅचमध्ये मात्यू कुबड्यांवर उभा. समोरचा कुठून घुसणार, ते आपल्या जागी खेळणाऱ्या मुलाला घसा फोडून सांगतोय. कोचने सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

घोटा बरा झाल्यावर मात्यूला बोलावलं. जागा त्याची आहे हे ऐकून तो लालबुंद झाला. पण पेन हातात घेऊन तसाच बसला. इथे यायचं म्हणजे कॅम्पसवर राहायचं.

"मग मादाम रोझचा बर्फ?"

"तो माझ्याकडे लागला," कोच म्हणाला. मात्यूने सही केली. बोलायची पद्धत असते, असं मला वाटलं.

*

यंदा पहिला मोठा बर्फ ऑक्टोबरच्या शेवटी पडला. सकाळी सहाला सगळे मैदानावर हजर, फक्त कोच नाही. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, हेड कोच म्हणाला. मात्यूही नव्हता.

सहा वाजून बारा मिनिटांनी दोघं कोचच्या गाडीतून उतरले. दोघांच्या पँट गुडघ्यापर्यंत ओल्या.

कोचने घड्याळात पाहिलं. "बारा," तो म्हणाला. मात्यू पळायला लागला आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला बासष्ट वर्षांचा कोच, कोट माझ्याकडे फेकून, त्याच्या मागे.

तिसऱ्या फेरीला कोच लंगडायला लागला, तसा मात्यूने वेग कमी केला.

"माझ्यासाठी थांबू नकोस," कोच धापा टाकत म्हणाला. "आज मादाम रोझकडे तू माझ्याही अर्धा तास आधी पोचला होतास."