खुल्या खरेदीतली सतरंजी

बाळापूरच्या आमच्या विणकर सोसायटीच्या सतरंज्या वर्षानुवर्षं सरकारी वसतिगृहांत जायच्या, कारण ती खरेदी हातमागासाठी राखीव होती. मग नवी वसतिगृहं परदेशी बँकेच्या कर्जातून बांधायची ठरली. त्या कराराची अट अशी की, खरेदी सगळ्या देशांना खुली, इथल्या माणसाला झुकतं माप नाही. झालं! आता आमची गाठ यंत्रावरच्या मालाशी. कुठल्या कुठे बसून कुणीतरी सही करतं आणि हिशेब आम्ही द्यायचा, म्हणून मी नुसती धुमसत होते.

तेव्हा कापसाचे हाल चालले होते. शेतातलं काम आटलं तशी आसपासच्या खेड्यांतली माणसं आमच्या मागांवर येऊन बसली होती. ही ऑर्डर गेली असती तर माग बंद, आणि ती माणसंही पुन्हा रिकामी. सोसायटीचं लिहिणं-वाचणं माझ्याकडे होतं, म्हणून टेंडर मीच भरलं.

नमुना घेऊन मी आणि अब्बा अकोल्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी सतरंजी उलगडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही तर वापरलेली आहे. धुतलेली दिसते."

होतीच धुतलेली. आमच्याकडे मागावरून उतरलेली चांगली सतरंजी आधी घरात अंथरतात, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना तिच्यावर बसवून चहा पाजतात, मगच ती बाहेर जाते. अम्मीनं नमुन्याचंही तेच केलं. कुणाचा तरी चहा सांडला, तिनं धुवून वाळवली.

अब्बांचा चेहरा उतरला. "माफ करा साहेब, आमच्यात रीतच तशी आहे."

माझं डोकं फिरलं. "माफी काहून मांगता, अब्बा? साहेब, आमाले झुकतं माप नाई ना? मंग उलटं मापही नाई पायजे. जे लिवलं तेच तपासा. कोरा नमुना पायजे असं कुठी लिवलं? धुतल्यावर रंग जाऊ नये, कडा उसवू नये, एवढंच लिवलं. मंग सगळ्यायच्याच धुवा!"

अब्बांनी माझी ओढणी ओढली. साहेबांनी अटी पुन्हा वाचल्या, चांगल्या निवांत वाचल्या. मग म्हणाले, "बरोबर आहे. सगळेच नमुने धुवायला द्या."

बाहेरून आलेल्या देखण्या मालाचा रंग पाण्यात उतरला, काहींच्या कडा सुटल्या. आमची सतरंजी होती तशी वाळली. दरातही आम्ही टिकलो. निकालाच्या दिवशी पहिलं नाव आमच्या सोसायटीचं वाचलं, आणि खरं सांगते, मला तिथंच नाचावंसं वाटलं.

नोंद करणाऱ्या बाबूनं सवयीनं विचारलं, "चाचा, राखीवमधून ना?"

ज्या माणसाचा चढा आवाज सरकारी कचेरीत मी कधी ऐकला नव्हता, तो माणूस टेबलावर हात ठेवून म्हणाला, "नाई बाबू. खुल्यातून. साऱ्या दुनियेसमोर. नीट लिवा."

बाबूनं लिहीपर्यंत अब्बा तिथून हलले नाहीत.