तेराव्या मुठीची नाडाछडी

माझा थोरला भाऊ पोपट पेणच्या रामवाडीत राहतो, मीही त्याच्याच घरी असते. कंपनीत तीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यापासून रोह्याच्या एका मंडळाला तलवारी करून देतो. दसऱ्याला ते मावळ्यांची लढाई करून दाखवतात, तिच्यासाठी.

मंडळाचा प्रमुख निकेश. त्याचं एकच म्हणणं, तलवार खरी दिसली पाहिजे, आवाजही पोलादाचा आला पाहिजे. दादा पोलादच वापरतो, पण धार नाण्याएवढी जाड ठेवतो, टोक गोल करतो. मग पातं दुधीच्या सालीवरून दाबून ओढतो. ओरखडा उठला तर तलवार परत घासायला. दसऱ्याआधी महिनाभर आमच्याकडे दुधीच, असं वहिनी म्हणते. पास झालेल्या तलवारीच्या मुठीला तो पूजेच्या दुकानातली लाल नाडाछडी बांधायचा. नाडाछडी नसेल ती लढाईत घ्यायची नाय, हे पोरांना पाठ होतं.

गेल्या वर्षी निकेशने घरची जुनी, धारेची तलवार गंज काढायला दिली. ती नुसती सरदाराच्या कमरेला म्यानात राहायची होती. म्यान रोह्यालाच होतं.

वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून खंडेनवमीची पूजा मी मांडली. दादा मंच बघायला रोह्याला गेलेला, तो दसऱ्यापर्यंत तिथेच राहणार होता. तेरा तलवारी पाटावर ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. बारांना दोरा, एकीची मूठ उघडी. ती का उघडी, हे मला माहीत होतं. पण देवीपुढे बारा सजलेल्या आणि एक बोडकी, हे मनाला बरं वाटेना. पूजेपुरती नाडाछडी बांधू, मग सोडू, असं म्हणून मी बांधली. नैवेद्याच्या गडबडीत सोडायची राहिली. सकाळी टेम्पो आला तेव्हा तेराही गोणपाटात गुंडाळून मीच दिल्या.

संध्याकाळी लढाईला मंडळातल्या धनेशने दोरा बघून नेमकी तीच उचलली. त्याच्यासमोर लढणाऱ्या मिथुनचा हात ढालीबाहेर आला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. मिथुन गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो.

मंडळाने दादाला दोष दिला आणि त्याने तो घेतलाही. म्हणाला, दोरा कधी बांधला आठवत नाय, वय झालं. मी ऐकून घेतलं. रोज दिवा लावताना देवीला सांगत होते, माणसाला सांगत नव्हते.

दिवाळीच्या तोंडावर तो रोह्याला निघाला, यापुढे काम दुसऱ्याला द्या असं सांगायला. तो चपला घालत होता तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

“दादा, तो दोरा मी बांधला. पूजेत.”

तो उंबऱ्यावर बसला. “ती कुठली तलवार, ठाऊक होतं तुला?”

“व्हय.”

“आणि इतके दिवस मला माझेच हात बघत बसवलंस गो.”

मग म्हणाला, साडी बदल, मिथुनकडे जाऊ.

मिथुन ओटीवर डाव्या हाताने कागदावर डोळे काढत होता. झालं तसं सांगितलं. त्याची आई शांती ऐकता ऐकता उठून आत गेली.

“देवीपायी केलंत म्हणजे तुमच्यावर रागावू कसा, आत्या?” मिथुन म्हणाला. “आणि नाय रागावलो, तर या हाताचा दोष कुणावर टाकू?”



दादा आता दोरा बांधत नाही, पोलादातच ठसा मारतो. मिथुनची करंगळी अजून वळत नाही. मी दर मंगळवारी त्यांच्याकडे जाते. शांती माझ्यापुढे चहा ठेवते, बोलत मात्र नाही.