निवडीच्या दिवसाचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. एकदा नारायणगडाला गेले होते, तेव्हा मनाशी ठरवून गेले होते की निदान देवापुढं तरी बोलायचं — पण हात जोडले आणि तोंडातून पोराच्या दुखण्याचंच निघालं. तशीच परत आले. आता तुम्ही असे जवळ बसलाय, मला घाई नाही, तुम्हालाही नसावी. मध्येच थांबले तर थांबू द्या. पुढं नेईन मी.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्यासारख्यांना कुणी काही विचारावं असे ते दिवस नव्हते. आणि एका वर्षी तालुक्याहून, केजहून, हुकूम आला — गावानं आपला पंच आपणच निवडायचा. मत कसं द्यायचं? कागद नव्हता, पेटी नव्हती. सरकारचा गिरदावर, महसूल बघणारा, घोड्यावरून येणार, चावडीपुढं बसणार. ज्याला जो माणूस पाहिजे त्यानं त्याच्या बाजूला जाऊन बसायचं, आणि शिपाई डोकी मोजणार. बस्स. बायकांना मत नव्हतंच. पण आमच्या गावाखाली चार वाड्या होत्या. त्या सगळ्यांची माणसं एका दिवशी एका जागी येणार म्हटल्यावर बायका घरी बसतील? कुणाला भाऊ भेटणार होता, कुणाला मावशी. लग्नात भेटलेली माणसं चार-चार वर्षं दिसत नसत हो. पंच कोण होतो याच्याशी आम्हाला काय करायचं होतं? आम्ही त्या दिवसाकडं जत्रेसारखे डोळे लावून बसलो होतो.

माझं माहेर त्यातल्याच एका वाडीचं, गावापासून दोन कोसांवर. बाप शेरडं-मेंढरं राखायचा. आई मी रांगत असतानाच गेली. शेजारी काशीकाकू होती. तिची सकू आणि मी एका वयाच्या. काकू सकूची वेणी घालायची आणि मग मला पुढं ओढून माझी घालायची. एकच फणी, एकच तेल. आंघोळही एकाच दगडावर. मला वाटायचं, आई म्हणजे अशीच असते — अर्धी.

आम्ही दोघी एकाच गावात दिल्या गेलो. मी एका मेंढपाळाच्या घरी, सकू मोठ्या घरात. तिच्या सासऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं. चार बैलजोड्या, मळा, दारात घोडी. पण सकूच्या लग्नात मानाचं पागोटं आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर गेलं. तिच्या बापाकडून, तात्याकडून, चूक झाली. आबा भर मांडवातून उठले. सून घेऊन गेले आणि सांगून गेले की हिला आता वाडीची वाट दिसणार नाही. तात्याही तसाच हट्टी. तीन वर्षं झाली, सकू माहेरी गेली नाही. तिला बाजारालासुद्धा जाऊ देत नसत, न जाणो वाडीचं कुणी भेटलं तर. आणि आता निवडीला आबा एका बाजूनं उभे होते, दुसऱ्या बाजूनं तात्या.

मी मात्र दर आठवड्याला युसूफ वडगावच्या बाजाराला जायची. काकू तिथं अंबाडी, वाळकं, असलं काही विकायला बसायची. मला बघितलं की हात धरून खाली बसवायची आणि विचारायची, ‘माझी सकू कशी हाय?’ काय जेवते, वाळली का, हसते का. मी सांगायची. ती माझ्या तोंडाकडं बघत असायची, पण मला नाही बघायची — माझ्या तोंडात सकू शोधायची.

त्या पावसाळ्यात माझी पहिली पोर गेली. तीन महिन्यांची होती. दीड महिना मी घराबाहेर पडले नाही. मग पहिल्यांदा बाजारात गेले. काकूनं माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाली, ‘देवाची मर्जी, बाई.’ आणि त्याच दमात — ‘सकू कशी हाय?’

हे मी तुम्हाला का सांगते? तुम्ही माझी बाजू घ्यावी म्हणून नाही. झालं तसं सांगते.

निवडीच्या आधी दोन बाजार होते. पहिल्या बाजारी काकूनं मला बाजूला नेलं. म्हणाली, ‘गये, सकूला सांग, निवडीच्या दिशी मी गाडीसंगं येते. बापे मानसं चावडीपुढं बसतील, तवा कुनाचं ध्यान न्हाई ऱ्हायाचं. मारुतीच्या देवळामागं ये म्हनावं. घटकाभर. लई न्हाई मागत मी.’

दुसऱ्या दिवशी मांजरा नदीवर धुणं धुताना सकू भेटली. तिच्या गालाला पाण्याचे शिंतोडे लागलेले, कशावरून तरी हसत होती. तिनंच विचारलं, नेहमीसारखं — ‘वाडीचं कोनी भेटलं का गं बाजारात?’

निरोप माझ्या जिभेवर होता. खरंच होता. आणि मी म्हणाले, ‘न्हाई. कोनीच न्हाई.’

का म्हणाले? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की आबांना कळलं तर पोरीला मारतील. खोटं आहे ते. आबा मारकुटे नव्हते. खरं हे, की तिच्यासाठी कुणीतरी दोन कोस येणार होतं, देवळामागं लपून उभं राहणार होतं — आणि माझ्यासाठी कुणी उभं राहणार नव्हतं. मला ते सोसलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण मी आयुष्यभर शोधलं, सापडलं नाही.

तरी तिथं थांबले असते तर एक वेळ... पण दुसरा बाजार आला. काकू मी दिसताच उठून उभी राहिली. मी खाली बघून म्हणाले, ‘सांगितलं. पन सकू म्हनली, मला आता माहेर न्हाई. कोन येतं, कोन जातं, मला काय त्याचं.’

हे वाक्य मी रस्त्यानं जुळवत आले होते. दोन-तीनदा बदललं होतं. यापेक्षा आणखी काय सांगू तुम्हाला?

काकू खाली बसली. अंबाडीच्या जुड्या इकडच्या तिकडं करीत राहिली. गिऱ्हाईक आलं, त्याला भाव सांगितला. मग म्हणाली, ‘बरं. तरी येते मी. लांबून बघीन.’

निवडीचा दिवस उजाडला. काय गर्दी म्हणून सांगू! चारी वाड्यांच्या गाड्या सुटलेल्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, कुणी रडत होतं, कुणी नवी पोरं दाखवत होतं. दोन भाऊ, वाटणीपासून बोलत नव्हते, ते भाकरीचं गाठोडं सोडून एका फडक्यावर जेवताना मी बघितले. चावडीपुढं गिरदावर बसला, मधोमध शिपाई काठी घेऊन उभा. एका अंगाला आबांची माणसं, दुसऱ्या अंगाला तात्याची. माझा नवरा आबांकडं बसला, आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसायची. सगळ्यांचे डोळे त्या मोजणीवर. कुणाचं बायकांकडं लक्ष नव्हतं. काकूनं बरोबर हेरलं होतं.

काकू वाडीच्या गाडीशी उभी होती, मांडीएवढं गाठोडं काखेत घेऊन. आणि आबांच्या माणसांना पाणी वाढायला सकू घागर घेऊन आली. दोघींच्या मध्ये चाळीस पावलं असतील. मी दोघींनाही बघत होते.

सकूला आई दिसली. ती जागच्या जागी थांबली. घागर कमरेवर, पदर सरकलेला, तो सावरायचंही भान नाही. ती वाट बघत होती — आई हात करील, मान हलवील, काहीतरी करील. आणि काकूनं लेकीकडं पोटभर बघितलं, आणि मान खाली घातली. पोरीला आपण नको आहोत, मग कशाला लाजवा, असं तिला वाटलं असणार. सकू थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग घागर घेऊन मागं फिरली.

ती माझ्याजवळ आली. ‘गये, आयनं माझ्याकडं बघून मान खाली घातली. कावून?’

चाळीस पावलं. माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, दोघी धावत एकमेकींकडं गेल्या असत्या. आबा, तात्या, गिरदावर — कुणी अडवू शकलं नसतं. मी म्हणाले, ‘मला काय म्हाईत?’

आबा निवडून आले. हलगी वाजली, गुलाल उडाला. वाडीच्या गाड्या लगेच जुंपल्या. मी निरोप द्यायला गेले, तेव्हा काकूनं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. ‘तूच घे, बाई. तू तरी हायस मला.’ आत शेंगदाण्याचे लाडू होते आणि एक हिरवा खण. लाडू मी खाल्ले. खणाची चोळी शिवली. ती घालून मी सकूच्या दारावरून येत-जात असे.

त्यानंतर काकू माझी झाली. हो, झाली. बाजारात ती मला माझी हालहवाल विचारू लागली. पुढच्या वर्षी माझ्या बाळंतपणाला दोन महिने येऊन राहिली. आबांच्या घराकडं पाठ करून आमच्या दारात बसायची आणि माझ्या लेकाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. सकू विहिरीवरून येताना ते बघायची. मान वळवून निघून जायची. तिला वाटायचं, आई गावात येऊन राहते, परक्याच्या पोराचं करते आणि आपल्या दाराकडं बघतही नाही. आणि मला त्या दोन महिन्यांत सुख झालं. हेच सांगायला मला सगळ्यात जड जातं. मी झुरले नाही, तळमळले नाही. मी सुखात होते.

काकू सहा वर्षांनी गेली. तापात होती. मी उशाशी होते. म्हणाली, ‘सकूला सांग, माझा तिच्यावर राग न्हाई. ती बोलली ते मी मनावर घेतलं न्हाई.’ मी मान हलवली. तेव्हाही सांगता आलं असतं. ती शुद्धीवर होती. मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली.

सकूला माती द्यायलाही पाठवलं नाही. दिवस झाल्यावर मी तिच्याकडं गेले. या वेळी निरोप दिला — पण अर्धा. ‘आय म्हनली, तुझ्यावर राग न्हाई.’

‘राग?’ सकू म्हणाली. ‘माझ्यावर तिला राग कशाचा व्हता, गये? मी काय केलतं?’

मी म्हणाले, ‘त्या पागोट्याचाच असंल.’

तिनं ते खरं मानलं. आईनं बापाची बाजू घेतली, एवढंच तिनं धरून ठेवलं, आणि पुढं आईचं नाव काढणं बंद केलं.

आता आबा नाहीत, तात्या नाही, निजामही नाही. सकू आहे. मागच्या आळीत राहते, तिला दिसतं कमी. दुपारी काठी टेकत येते आणि माझ्या ओट्यावर बसते. मी तिला मिसरी देते, कधी तिचे केस विंचरते, फार थोडे राहिलेत. तिला सांगायला पाहिजे, हे मला कळतं. ओट्यावर आम्ही दोघीच असतो, कुणी ऐकणारं नसतं. मी सांगत नाही.

काल ती म्हणाली, ‘गये, तू हायस म्हनून मला माहेर हाय.’

मी फणी फिरवत राहिले.