बन्नूरचं पिल्लू

मिरजेहून रात्री सुटलेली गाडी सकाळी उशिराच म्हैसूरला लागली. स्टेशनवर माझी वर्गमैत्रीण वसुंधरा उभी होती. आम्ही दोघीही मुलांच्या डॉक्टर. मी राजवाडा, चामुंडीची टेकडी पाहायला आले होते. लोण्याचा डोसा पुरता खाऊनही झाला नव्हता, तोच तिला रुग्णालयातून फोन आला. मीही बरोबर गेले.

काव्या आठ वर्षांची. ताप होता, आणि आधी उजवा, मग डावा पाय लुळा पडला होता. आधीच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला होता. वसुंधराला मात्र तिची मधूनच बिथरणारी नजर आणि न गिळली जाणारी लाळ खटकली. कुत्रं चावलं होतं का, असं तिने कन्नडमध्ये विचारलं. मेटगळ्ळीच्या कारखान्यात काम करणारे वडील नाही म्हणाले.

आई या भागातल्या, जुन्या कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या घरातली, घरी मराठी बोलणारी. घरात एखादं पिल्लू होतं का, असं मी तिला विचारलं.

“नायीमरी (कुत्र्याचं पिल्लू) होतं की, ताई. बन्नूरला, माझ्या अम्माकडे. या उजव्या पायाला दात लागला, स्वल्प (थोडासा). रक्त नाही आलं. हळद लावली.”

“ते पिल्लू कुठे आहे आता?”

“मेलं ते. लगेचच.”

वसुंधराने काव्याच्या मानेवरून, केसांच्या कडेचा त्वचेचा लहानसा तुकडा काढला, लाळ घेतली आणि नमुने रेबीजच्या तपासणीसाठी बंगळुरूला पाठवले. पिल्लाशी आणखी कोण खेळलं, असं विचारताच आईने मांडीवरच्या धाकटीकडे पाहिलं. तिलाही ओरखडे आले होते. अहवालाची वाट न पाहता त्याच दुपारी तिला लस आणि सीरम दिलं.

पिल्लाला आणखी कुणी हात लावला ते पाहायला दुसऱ्या दिवशी काव्याच्या वडिलांबरोबर मी बसने बन्नूरला गेले. दोन्ही बाजूंना ऊस, भाताची खाचरं. आजीने रागी मुद्दे (नाचणीचे उंडे) वाढले. तिला आणि पिल्लू हाताळलेल्या शेजारणीला आम्ही लस घ्यायला पाठवलं.

अहवालात रेबीजच निघाला. मेंदूपर्यंत पोहोचल्यावर त्यावर इलाज नाही, हे वसुंधराने आईवडिलांना समोर बसवून सांगितलं.

“इलाज नव्हता, मग एवढं खोदून काढलं कशाला?” वडिलांनी विचारलं.

“धाकटीसाठी,” वसुंधरा म्हणाली.

मी निघायच्या आदल्या दिवशी काव्या गेली. टेकडी पाहायची राहिली, ती मला आठवलीही नाही. परतीच्या गाडीत एकच विचार छळत होता: निदान बरोबर आलं याचं समाधान कुठे ठेवायचं?

धाकटीचं शेवटचं इंजेक्शन झाल्यावर काव्याच्या आईचा मला मिरजेला फोन आला. पोरगी खेळते आहे, म्हणाली. मग तिने फोन पोरीकडे धरला, आणि मी तिचं खेळणं ऐकत राहिले.