उन्हातलं मॅचिंग

‘गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. सकाळी नळाला पाणी होतं, पिंप भरलं. कोपऱ्यावरचे मॅचिंगवाले आजही गप्प उभे. मोरपंखी साडीला फॉल हवा आहे.’

पुंडलिकनगरच्या दीपमालाताईंनी एवढं लिहून डायरी मिटली आणि साडी पिशवीत घालून त्या खाली उतरल्या.

कोपऱ्यावर नूरमोहम्मद हातगाडीला टेकून उभे होते. बावीस वर्षं त्यांचं जुन्या शहरात दुकान होतं. साडीचे फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. पण शहर वाढलं ते बाहेरच्या अंगाला. गिऱ्हाइकं नव्या वसाहतींत राहायला गेली. एका फॉलसाठी रिक्षा करून कोण येणार? भाडं मात्र चढतच राहिलं. दिवाळीनंतर त्यांनी दुकान सोडलं आणि माल गाडीवर मांडला. "जुम्म्यापर्यंत बघतो," ते बायकोला, अमिनाला म्हणाले होते, "नाही जमलं तर वाळूजला कंपनीत वॉचमन." जुम्मा उद्यावर आला होता.

मालात खोट नव्हती. पण दुकानदारानं ओरडायचं नसतं, पायरी चढून आलेल्यालाच ‘या’ म्हणायचं, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. गाडीवरही ते गिऱ्हाइकाची वाट बघत, अदबीनं, मुकाट.

शेजारी मालनबाई भाजी विकायच्या. "अवो शेट, गादी घरी ठेवली ते ठेवली, तोंड तरी आणायचं व्हतं संगं! मुक्यानं कुठं धंदा व्हतोय व्हय?"

"क्या करूं आपा, आवाजच नै निकलता."

एवढ्यात ताई आल्या. नूरमोहम्मदनी साडीचा पदर दोन बोटांत धरला, सतरा हिरव्या-निळ्यांतून एक फॉल उचलला आणि सवयीनं म्हणाले, "माँजी, जरा बाहेर उजेडात नेऊन बघा."

ताईंनी इकडंतिकडं पाहिलं. "आणखी किती बाहेर जाऊ? रस्त्यावरच तर उभी आहे मी."

मालनबाई टोपलीवर हात ठेवून हसत सुटल्या. नूरमोहम्मद आधी ओशाळले, मग तेही हसले. दुकानात ट्यूबलाइटखाली मोरपंखी काळपट दिसायचा. बायका पायरी उतरून उन्हात रंग बघायच्या. ज्या बघायच्या नाहीत, त्या दुसऱ्या दिवशी माल बदलून मागायच्या. इथं ऊन गाडीवरच पडलं होतं. साडीवर टेकवलेला फॉल कुठं संपतो ते कळत नव्हतं.

ताई फॉलचे पैसे देऊन वळल्या आणि त्यांच्या मागून एक घोगरा, फाटका आवाज आला.

"मॅचिंग... उन्हात बघून घ्या, मॅचिंग!"

"बोललं गं बाई मुकं!" मालनबाई म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरून कुणी वाकलं. "थांबा हो! डाळिंबी आहे का?"

"सात तऱ्हेचा आहे, ताई. साडी घेऊन या!" या वेळी आवाज साफ होता.

गाडी झाकताना त्यांनी अमिनाला फोन लावला. "कल नमाज के बाद गाडी यहींच लगाता. टिफिन जरा बडा दे."

दीपमालाताईंनी संध्याकाळी दिवा लावून सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: ‘मोरपंखी साडीला फॉल लावला. सुई डब्यात ठेवली.’